अंगण खरोखरच वाकडे आहे!



“नाचता येईना, अंगण वाकडे” ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. स्वतःला जमत नाही म्हणून दोष दुसरीकडे ढकलणाऱ्या माणसाला ती बरोबर लागू पडते. पण हल्ली ही म्हण भलत्याच माणसाच्या माथी मारली जाऊ लागली आहे. विम्याचा अर्ज अर्ध्यावर अडकला, सातबाऱ्यावरचे नाव सापडेना, ओटीपी वेळेत आला नाही, की समोरचा माणूस म्हणतो, “काका, तुम्हाला यातलं कळत नाही.” काकाही मान हलवतात, “आम्ही अडाणी, आम्हाला काय कळणार!” म्हणतात आणि पिशवी उचलून घराकडे चालू लागतात.

आज मला एवढेच सांगायचे आहे, की पुष्कळ वेळा अंगणच वाकडे असते. अर्ज भरणारा चुकत नाही, अर्ज मांडणारा चुकलेला असतो. आणि अंगण सरळ कसे असावे याचे नियम लिहून ठेवलेले आहेत. ते आपल्याला ठाऊक नसतात, म्हणून आपण उगाच मान खाली घालतो.

आपल्या खुलताबाद तालुक्याचेच पाहा. वेरूळ असो, बाजार सावंगी असो की सुलतानपूर, कपाशी, मका, अद्रक करणाऱ्या घराला आज पडद्यावरच्या अर्जावाचून गत्यंतर नाही. डिजिटल सहीचा सातबारा १ मे २०१८ पासून संगणकावर मिळू लागला. ई-पीक पाहणीचे ॲप १५ ऑगस्ट २०२१ ला राज्यभर आले. कृषी खात्याच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक १५ एप्रिल २०२५ पासून लागू झाला. विमा, ठिबकचे अनुदान, अतिवृष्टीची मदत, सगळ्याचा रस्ता आता वेबसाइटवरूनच जातो. यात वाईट काही नाही. तलाठ्याच्या घरी चार खेपा घालण्यापेक्षा घरबसल्या उतारा मिळाला तर कोणाला नको आहे? प्रश्न एवढाच, की हा रस्ता सगळ्यांना चालण्याजोगा आहे का?

दोन कर्जमाफ्यांची गोष्ट

फार लांबचे उदाहरण नको. आपण सर्वांनी पाहिलेल्या दोन कर्जमाफ्या घ्या.

२०१७ साली छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आली. माफी हवी असेल तर शेतकऱ्याने ऑनलाइन अर्ज भरायचा होता. नवरा-बायको दोघांचे आधार, बँकेची माहिती, कर्जाची माहिती, सगळे त्यानेच भरायचे. ऐन खरिपाच्या कामात माणसे सेवा केंद्रापुढे रांगेत उभी राहिली. कुठे वीज नाही, कुठे सर्व्हर नाही, कुठे कष्टाने झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्राला उमटेना. सप्टेंबरात मुदत वाढवावी लागली. त्यानंतरही बँकांकडची माहिती आणि अर्जातली माहिती यांचा मेळ लागता लागेना, आणि पैसे खात्यावर यायला उशीर झाला.

पुढे डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना जाहीर झाली. या वेळी शेतकऱ्याकडून अर्ज मागितलाच नाही. कर्ज कोणाचे, किती, कोणत्या खात्यावर, हे बँकेच्या वहीत होतेच. बँकांनी याद्या दिल्या, त्या गावात लावल्या गेल्या, प्रत्येक नावापुढे एक क्रमांक आला. शेतकऱ्याने तो क्रमांक आणि आधार घेऊन केंद्रावर जायचे, रक्कम वाचायची आणि मान्य असेल तर अंगठा द्यायचा. रक्कम मान्य नसेल तर तक्रारीची सोय वेगळी. पहिली यादी २४ फेब्रुवारी २०२० ला लागली.

दोन्ही योजनांत कोणाला किती मिळाले, कोण राहून गेले, यावर वाद घालता येईल. तो आजचा विषय नाही. आजचा विषय मांडणीचा आहे. शेतकरी तोच, गाव तेच, नेटवर्कही जवळपास तेच. अडीच वर्षांत आपण काही संगणकात पंडित झालो नव्हतो. पण सरकारजवळ असलेली माहिती पुन्हा शेतकऱ्याकडून मागायची नाही, एवढे ठरवल्यावर त्याच्या डोक्यावरचे अर्धे ओझे उतरले. म्हणजे २०१७ ची दमछाक आपल्या अडाणीपणामुळे झाली नव्हती.

वाकडेपणा कसा ओळखावा

गाय विकत घेताना आपण दात पाहतो, कास पाहतो. बियाण्याच्या पिशवीवरची तारीख पाहतो. तसा अर्जही पारखता आला पाहिजे. नेहमी आढळणारे दोष पुढे देत आहे, आणि त्या प्रत्येकापुढे नियम काय म्हणतो तेही देत आहे.

पहिला दोष वेळेचा. तुम्ही गट नंबर पाहायला सातबारा शोधता, चष्मा शोधता, तोवर पडदा कोरा होतो आणि पुन्हा पहिल्यापासून भरा म्हणतो. नियम असा आहे, की वेळ संपण्याआधी माणसाला सूचना द्यावी, आणि एखादे बटण दाबून वेळ वाढवून घेण्यासाठी किमान २० सेकंद तरी द्यावीत.

दुसरा दोष मुक्या चुकीचा. सगळा अर्ज भरला, बटण दाबले, आणि वर लाल अक्षरात काहीतरी आले: “अवैध माहिती.” कोणती माहिती? मोबाईल क्रमांक की खाते क्रमांक? ते सांगत नाही. नियम सांगतो, की कोणत्या रकान्यात चूक आहे ते शब्दांत दाखवावे आणि ती कशी सुधारायची तेही कळत असेल तर सांगावे. नुसता रकाना लाल करून भागत नाही, कारण काही माणसांना लाल-हिरवा रंग वेगळा ओळखता येत नाही. शिवाय जिथे पैशाचा किंवा हक्काचा मामला आहे, तिथे अर्ज पाठवण्यापूर्वी भरलेली माहिती तपासायची आणि दुरुस्त करायची संधी द्यावी, किंवा पाठवलेला अर्ज मागे तरी घेता यावा.

तिसरा दोष उलट्या प्रश्नाचा. “आपल्या कुटुंबातील कोणीही सरकारी नोकरीत नाही. होय / नाही.” आता कोणी नोकरीत नसेल तर उत्तर ‘होय’ द्यायचे की ‘नाही’? घरातली शिकलेली सूनसुद्धा क्षणभर थांबेल. बोलताना आपण “नाही” म्हणतो, आणि इथे “नाही” म्हटले की उलटाच अर्थ लागतो. प्रश्न सरळ विचारला असता, “कुटुंबात कोणी सरकारी नोकरीत आहे का?”, तर दुसरी पास आजीनेही बरोबर उत्तर दिले असते.

चौथा दोष एकच वाट ठेवण्याचा. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली. तीत बाईच्या आधारनंतर पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यावरचा ओटीपी मागितला जात होता. ज्या बाईचा नवराही गेला आणि वडीलही गेले, तिने काय करायचे? घटस्फोट झालेलीने कोणाच्या दारात जाऊन ओटीपी मागायचा? जिला मदतीची सर्वांत जास्त गरज, तीच दाराबाहेर राहिली. ओरड झाल्यावर अशा बहिणींनी मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाची कागदपत्रे अंगणवाडी सेविकेकडे द्यावीत अशी सोय झाली, मुदतही वाढली. पण ही गोष्ट आधी सुचायला मोठी विद्या लागत नाही. अर्ज लोकांपुढे आणण्याआधी चार गावांतल्या दहा बायकांना भरायला दिला असता, तर पहिल्याच दिवशी एक विधवा बहीण “माझं कसं?” म्हणून उठली असती. नवी वेबसाइट खऱ्या माणसांकडून आधी वापरून पाहावी, हा या धंद्यातला अगदी पायाचा धडा आहे.

पाचवा दोष आपल्या मराठी अक्षरांचा. पूर्वी संगणकात मराठी लिहायला प्रत्येक कंपनीचा निराळा फॉन्ट असे. एका कचेरीत टंकलेले पत्र दुसऱ्या कचेरीत उघडले की कोंबडीने पाय उमटवावेत तशा खुणा दिसत. जगातल्या सगळ्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत १९९१ साली निघाली. तिला युनिकोड म्हणतात. तुमच्या मोबाईलवरचे मराठी आज सगळीकडे सारखे दिसते ते तिच्यामुळे. तरी मेख राहतेच. बऱ्हाटे, कऱ्हाळे अशा आडनावांतला ‘ऱ्ह’ दोन तऱ्हांनी टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राच्या पोटात त्यांचे क्रमांक वेगळे पडतात. नोंद एका तऱ्हेने झाली आणि शोध दुसऱ्या तऱ्हेने घेतला, तर बापजाद्यांची जमीन असूनही यंत्र “नाव आढळले नाही” म्हणू शकते. नीट बांधलेली वेबसाइट दोन्ही तऱ्हा एकच मानते. तोवर आपण नावाऐवजी गट नंबर टाकून शोधावे, हा त्यावर सोपा उपाय.

सहावा दोष पडद्याचा. अर्ज मोठ्या संगणकापुढे बसून तयार केलेला असतो, आणि आपण तो चार बोटे रुंद मोबाईलवर, बांधावर उभे राहून, उन्हात भरत असतो. बारीक फिकट अक्षरे, एकमेकांना चिकटलेली बटणे, एकाला बोट लावावे तर दुसरेच दाबले जाते. अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणात किमान साडेचारास एक इतका फरक असावा, असे माप नियमात दिलेले आहे. तसेच शासननिर्णयाचा कागद नुसता फोटो काढून वेबसाइटवर टाकला, की आंधळ्या माणसाचा मोबाईल तो वाचून दाखवू शकत नाही. मजकूर मजकूर म्हणूनच टाकावा आणि चित्र टाकले तर त्यात काय आहे ते शब्दांत द्यावे, हाही नियमच आहे.

सातवा दोष शेवटच्या दिवसाचा. २०१७ च्या जुलैअखेर पीकविम्यासाठी बँकांपुढे ज्या रांगा लागल्या, त्या मराठवाडा विसरलेला नाही. शेवटच्या दिवशी गर्दी होणार हे भद्रा मारुतीच्या यात्रेत नारळ विकणाऱ्यालाही कळते, तो हनुमान जयंतीला जास्तीचे पोते आणून ठेवतो. मग ज्यांच्याजवळ गेल्या वर्षाचे सगळे आकडे आहेत, त्यांना ते का कळू नये?

हे नियम आले कुठून?

नियम म्हटले की आपल्याला वाटते, असेल कुठल्यातरी साहेबाची मर्जी. तसे नाही.

आपला भाग निजामाच्या राज्यात होता, तेव्हा इथे हाली सिक्क्याचा रुपया चाले. पलीकडे इंग्रजी मुलखात कलदार रुपया. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा हिशेब होता. वजनमापेही मुलखागणिक बदलत. या गोंधळात नुकसान कोणाचे होई? ज्याला हिशेब येत नाही त्याचे. आणि फायदा कोणाचा? मधल्या माणसाचा. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, किलो आणि मीटर आले. आज तुमचे अद्रक खुलताबादेत तोला, संभाजीनगरात तोला की वाशीच्या बाजारात तोला, किलो तो किलोच. काटा मारणारा अजूनही मारतो, पण आपण त्याला “काटा चुकीचा आहे” असे छातीठोक सांगू शकतो, कारण बरोबर काटा कोणता हे ठरलेले आहे. प्रमाण ठरवण्याचा खरा उपयोग हाच.

वेबसाइटचे तसेच झाले. टिम बर्नर्स-ली नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९८९ साली, स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधन संस्थेत काम करताना, ही जाळ्याची कल्पना मांडली. १९९३ साली सर्नने ती जगाला फुकट मोकळी केली. मग जो तो आपापल्या पद्धतीने पाने बांधू लागला. एका कंपनीच्या ब्राउझरमध्ये दिसणारे पान दुसऱ्याच्या ब्राउझरमध्ये मोडून पडे. म्हणून १९९४ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ही संस्था निघाली. पाने कशी बांधावीत याचे समान नियम ती ठरवते. आंधळ्या, बहिऱ्या, थरथरत्या हातांच्या माणसांनाही पान वापरता यावे यासाठीचे नियम तिने १९९९ मध्ये काढले आणि वेळोवेळी सुधारले. वर दिलेली २० सेकंदांची आणि साडेचारास एकची मापे त्यांतलीच.

भारत सरकारनेही सरकारी वेबसाइटसाठी मार्गदर्शक नियम २००९ साली काढले. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. पान शेवटचे कधी अद्ययावत केले ती तारीख द्यावी, संपर्क कोणाशी साधायचा ते द्यावे, अशा साध्या गोष्टीही त्यांत आहेत. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे. आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निकाल दिला. ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे गमावलेल्या आणि दृष्टिहीन अर्जदारांनी दाद मागितली होती. बँकेच्या ई-केवायसीत पडद्यापुढे डोळ्यांची उघडझाप करायला सांगत. ज्याला डोळेच नाहीत त्याने काय करायचे? न्यायालयाने सांगितले, की डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्या निकालात खेड्यातली माणसे, म्हातारी माणसे, गरीब माणसे यांचाही विचार केलेला आहे. म्हणजे आपलाच की!

मग आपण काय करावे?

नियम कागदावर आहेत म्हणून उद्या सगळी अंगणे सरळ होतील, असे मी म्हणणार नाही. वेबसाइट वाकडी असली की मधल्या माणसाचा धंदा चालतो, हेही खोटे नाही. पण आपल्या हातात जे आहे ते आपण करू या.

मुदतीचा शेवटचा आठवडा टाळा. आठ दिवस आधी, सकाळी लवकर किंवा रात्री उशिरा बसा. बसण्यापूर्वी आधार, सातबारा, आठ-अ, पासबुक आणि आधारला जोडलेला मोबाईल एकत्र घ्या. आधारवरचे, सातबाऱ्यावरचे आणि पासबुकावरचे नाव एकसारखे आहे का ते आजच ताडून पाहा. तफावत असेल तर ती दुरुस्त करायला हंगाम नसलेले दिवसच बरे.

अडकलात तर पडद्याचा फोटो काढा. मोबाईलवरच अर्ज भरत असाल तर स्क्रीनशॉट घ्या. तारीख आणि वेळ वहीत लिहा. “सर्व्हर चालला नाही” हे तोंडी सांगणे आणि तीन दिवसांचे तीन फोटो पुढे ठेवणे, यांत फार फरक आहे. अर्ज पूर्ण झाला की पावती घेतल्याशिवाय उठू नका. केंद्रावर दरपत्रक लावलेले असते, ते वाचा आणि तेवढेच पैसे द्या. ओटीपी ओळखीच्या माणसालाही फोनवरून सांगू नका.

तक्रार लेखी करा. तीत “मला जमले नाही” असे लिहू नका. “अमुक तारखेला, अमुक पानावर, अमुक रकान्यात अर्ज अडला, चूक काय ते दाखवले नाही” असे लिहा. तहसील कार्यालयात अर्ज देऊन पोच घ्या. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. ज्या सेवा २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अधिसूचित आहेत, त्या ठरलेल्या मुदतीत मिळाल्या नाहीत तर अपील करता येते. एका माणसाची तक्रार बाजूला पडते. त्याच दोषाची चाळीस माणसांची तक्रार ग्रामसभेच्या ठरावासह गेली, तर तिची दखल घ्यावी लागते.

आणि एक घरातली गोष्ट. अर्ज भरायला आपण मुलाला किंवा नातीला बसवतो आणि स्वतः लांब बसतो. तसे करू नका. शेजारी बसा, प्रत्येक रकाना मोठ्याने वाचायला सांगा. घरातल्या बाईच्या नावाचा अर्ज असेल तर तिला शेजारी बसवा. माहिती तिची, अंगठा तिचा, तर काय भरले ते तिला कळलेच पाहिजे. पोरांनीही आजोबांना “तुम्हाला नाही कळणार” म्हणू नये. ढगाकडे पाहून पेरणी साधणाऱ्या माणसाला एक अर्ज कळत नसेल, तर आधी त्या अर्जाकडेच संशयाने पाहावे.